शाळा सुटली, पण पाटी फुटू नये

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फड रंगतो. कुणीतरी शाळा सोडून करोडपती झालेल्यांची यादी टाकतो, खाली ओळ असते, ‘मार्कांचं काय घेऊन बसलात!’ यादी टाकणाऱ्याने स्वतःच्या मुलीच्या जेईई क्लासची फी मात्र ती आठवीत असतानाच भरलेली असते. यंदा वाद जरा जास्तच पेटला. गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या बी विंगमध्ये राहतात. त्यांनी लिहिले, की व्यवसाय शिक्षणाचा हा सगळा गजर म्हणजे गरिबांच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या हमाल ठेवण्याचा डाव आहे. त्यावर भोसरीत वर्कशॉप असलेले एक गृहस्थ उसळले, ‘इथे धड वेल्डर मिळेना आणि ह्यांना क्रांती सुचतेय!’ दोन दिवस घमासान चालले. दोघेही माझ्या चांगल्या ओळखीचे, दोघेही मनाने भले. पण त्या सगळ्या गदारोळात एकानेही साधा प्रश्न विचारला नाही: लवकर शाळा सुटलेल्या ज्या मुलाचे पुढे बरे झाले, त्याचे नेमके कशामुळे झाले?

मला त्यात बोलायचा हक्क आहे असे वाटते, कारण मी स्वतः दहावीनंतर आयटीआयला गेलेला माणूस आहे. गेली तीस-बत्तीस वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवायच्या विभागात, काढली. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. दहावीनंतर, अगदी आठवीनंतरही, हातातल्या विद्येवर मानाचे आयुष्य उभे करता येते. पण ते शाळा सोडल्याने उभे राहत नाही. शाळेनंतर कुणीतरी पद्धतशीर शिकवले, गणित आणि नकाशा यांच्यासकट शिकवले, आणि पुढच्या इयत्तेचे दार कडी न लावता ठेवले, तर उभे राहते. यातली एक गोष्ट जरी गळाली, तरी प्राध्यापक म्हणतात तेच खरे ठरते. ‘पदवी की कौशल्य’ हा वादच त्यामुळे मला फोल वाटतो. विचारायचे ते हे, की त्या कौशल्याला पुढे जिना आहे, की ती चार भिंतींची खोली आहे?

त्या करोडपतींच्या यादीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव हटकून असते. शाळा अर्धवट सोडली आणि कारखानदार झाले, एवढेच त्यात लिहिलेले. खरी गोष्ट अशी, की १८६९ साली जन्मलेला हा मुलगा शाळा सोडून घरी बसला नाही, मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेला. रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आले, तेव्हा तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाला. बेळगावचे सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी, या सगळ्याच्या पायाशी ड्रॉइंग बोर्डासमोर काढलेली ती वर्षे आहेत. शाळा सोडली हे फॉरवर्डमध्ये येते, ड्रॉइंग बोर्ड येत नाही. सांगायला तो कंटाळवाणा आहे ना!

ड्रॉइंग बोर्डाचे एवढे काय, असे ज्यांनी कधी कानस हातात धरली नाही त्यांना वाटू शकते. माझेच सांगतो. दहावीला गणितात ३१ गुण पडले आणि ऑक्टोबरची वारी करावी लागली. कसाबसा सुटलो आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावी फिटर ट्रेडला लागलो. पहिले दोन महिने काम एकच, माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने सपाट करायचा. आधी बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ, म्हणजे खरखरीत कानशीपासून बारीक कानशीपर्यंत. तळहाताला फोड, फोडावर फोड. सर येणार, तुकड्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवणार, खिडकीच्या उजेडाकडे धरणार. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची केसाएवढी रेघ जरी दिसली तरी तुकडा परत. बोलायचे काही नाही. ती रेघ बंद व्हायला मला सतरा दिवस लागले होते.

आणि मग साइन बार आला. कोन अचूक बसवायचे हे उपकरण. शंभर मिलिमीटर लांबीचा बार, त्याला तीस अंशांत उभे करायचे असेल तर एका टोकाखाली किती उंचीचे स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे पोलादी ठोकळे, लावाल? सरांनी फळ्यावर लिहिले, तीस अंशांचा साइन अर्धा, म्हणून शंभराचे अर्धे, पन्नास. लावले. कोन बसला. ज्या साइनने मला दहावीत पाडले होते, तो साइन माझ्या हातात पोलादाचा होऊन आला होता आणि पहिल्यांदाच मला कळले, की हे लोक पुस्तकात काय म्हणत होते. मी मठ्ठ नव्हतो, मला ते दाखवलेच गेले नव्हते. ‘हाताने काम करणाऱ्याला डोके लागत नाही’ ही आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाला व्हर्नियर ही मोजपट्टी कशी पकडते ते नीट समजून घ्यायला कितीसे डोके लागते, हे तसे म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावे.

आता प्राध्यापकांच्या मुद्द्याकडे येतो. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. आपल्या देशात धंदा आणि जात यांची गाठ इतकी घट्ट आहे, की धंद्याचे शिक्षण म्हटले की बारा बलुतेदार आठवतात. लोहाराच्या पोराने भाता ओढायचा, सुताराच्याने रंधा. विद्या हातात होती, पण मजुरीचा भाव ठरवायचा अधिकार हातात नव्हता, सुगीला खळ्यावर जाऊन मिळेल ते घ्यायचे. जातीने श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले त्याला नव्वद वर्षे होत आली. आणि हे काही फक्त इतिहासात घडलेले नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचे आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्याचे काम शिकायचे. शाळा कमी, मुले जास्त, खर्च भागत नाही, अशी कारणे होती आणि ती खोटीही नव्हती. पण द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच. वर्षभरात राजाजींना पायउतार व्हावे लागले. कामराज आले आणि त्यांनी ती योजना मोडीत काढली. शाळा वाढवल्या, मुलांना दुपारचे जेवण दिले. तमिळनाडूचे पुढे काय झाले ते आपण बघतोच आहोत.

या उदाहरणाने माझा पक्ष संपला असे प्राध्यापकांना वाटते. मला ते माझ्याच बाजूचे उदाहरण वाटते. मद्रासच्या लोकांनी नेमके काय नाकारले? सुतारकाम नाकारले का? त्यांनी दोन गोष्टी नाकारल्या: पोराचा धंदा त्याच्या बापाच्या धंद्यावरून ठरणे, आणि अक्षर-अंकांचा पाया पुरता भरायच्या आत त्याला घरी पाठवणे. १९५० पासून आपल्याकडे सुरू असलेली आयटीआयची योजना या दोन्ही बाबतींत उलट्या दिशेची आहे. आमच्या युनिटमध्ये सोळा जण होतो. एकाचा बाप एसटीत कंडक्टर, एकाचा बँडवाला, दोघांची कोरडवाहू शेती, एक भिक्षुकाचा, एक खाटकाचा. लोहाराचा एकच होता आणि तो फिटरला मुद्दाम आला नव्हता, त्याला इलेक्ट्रिशियन हवे होते, मेरिटमध्ये हुकले. डबा खाताना कोण कुणाशेजारी बसतो यात जात दिसायची, ते मी लपवणार नाही. पण कानस कुणाच्या बापाची नव्हती. गावात जी विद्या घराच्या उंबऱ्याबाहेर जात नसे, ती इथे सरकारी फळ्यावर सगळ्यांसाठी लिहिली जात होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि युद्धकाळातले तंत्रप्रशिक्षण त्याच खात्याकडे होते, हेही जाता जाता आठवावे. कारागिरीचे शिक्षण म्हणजे आपोआप जातीचे शिक्षण, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही.

तरीही प्राध्यापकांचे अर्धे म्हणणे शिल्लक उरतेच आणि ते मला मान्य आहे. आयटीआयचे गोडवे गाणाऱ्यांची मुले आयटीआयत का दिसत नाहीत? आमच्या ग्रुपवर दीडशे घरे आहेत. त्या वर्कशॉपवाल्या गृहस्थांसकट एकाही घरातले मूल तिथे गेलेले नाही. दुसऱ्याच्या पोराला सुचवायचा मार्ग स्वतःच्या पोराला चालत नसेल, तर तो सल्ला नसतो, तो हुकूम असतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीची माहिती, हिशेब, आरोग्य असा व्यवहाराला धरून अभ्यासक्रम मागितला होता, पण त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशीही मागणी होती. पाया आणि व्यवहार दोन्ही हवेत, एकाच्या बदल्यात दुसरे नको. म्हणून माझ्या लेखी दहावीपर्यंतचे शिक्षण वाटाघाटीचा विषय नाही. २०१६ मध्ये बालकामगार कायदा दुरुस्त करताना शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायला मुभा ठेवली गेली. ती मला त्या कुलकल्वीची मागच्या दाराने आलेली बहीण वाटते. आणि नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे जे म्हटले आहे, ते उत्तम आहे, अट एवढीच, की डॉक्टरांच्या मुलीनेही ते दहा दिवस घमेले उचलले पाहिजे. ‘प्रोजेक्ट’ म्हणून आईने रात्री जागून मातीचे मडके करून दिले, तर त्यात कोण शिकले?

दुसरा आक्षेप असा येतो, की हातातले कौशल्य लवकर शिळे होते, पदवीवाला मात्र वळण घेऊ शकतो. याला पुरावा म्हणून मुंबईच्या गिरण्या पुढे केल्या जातात आणि तो पुरावा काळीज हलवणारा आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. वीस-वीस वर्षे साचे, म्हणजे माग, चालवलेली माणसे सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहिली, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी गावी परत गेला. माझा एक चुलत मामा त्यांतलाच. तुटलेला धागा तो डोळे मिटून जोडायचा म्हणतात. त्या बोटांना परळच्या बाहेर किंमत शून्य होती.

पण मामा शिकला कसा होता? जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने खात्यात शिरला, बदली म्हणून राहिला, बघून बघून शिकला. त्याच्या कसबाचा कागद कुणाकडे नव्हता. यंत्र चालायचे कसे ते त्याला माहीत होते, ते का चालते हे कुणी सांगितले नव्हते. म्हणजे गिरणी कामगाराची शोकांतिका कौशल्य असल्याची नाही, प्रशिक्षणाविना कौशल्य असल्याची आहे. याची दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे संगणकाच्या हुकमावर चालणारी सीएनसी यंत्रे आली, तेव्हा साध्या लेथवरचे सगळेच टर्नर धास्तावले होते. ज्यांनी ट्रेड थिअरी शिकली होती, ज्यांना नकाशा वाचता येत होता, ते दोन-तीन महिन्यांत जी-कोड, म्हणजे त्या यंत्राला द्यायच्या आज्ञा, लिहायला लागले. कारण टूल धातूला कुठे भिडते, फीड किती द्यायचा, हे ज्ञान जुन्या यंत्राबरोबर भंगारात जात नाही. जे नुसते हेल्परचे ऑपरेटर झाले होते, कुणी कधी काही समजावून न सांगता, ते मात्र लोडिंग-अनलोडिंगलाच राहिले. आणि पदवीचे म्हणाल, तर चाकणला एकाच लाइनवर एकाच स्टेशनला बीई झालेला आणि आयटीआय झालेला असे दोघे शेजारी शेजारी बोल्ट आवळताना कुणालाही बघायला मिळतील. त्यातल्या एकाच्या बापाने जमीन गहाण टाकली आहे, एवढाच फरक.

आता वर्कशॉपवाल्यांचा हिशेब. त्यांची बाजू घेणारे लगेच जर्मनी काढतात. नव्या शैक्षणिक धोरणातच आकडा आहे: बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतातल्या १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. आकडा खरा असला तरी त्यातला ‘औपचारिक’ हा शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे गॅरेजमध्ये उस्तादाकडे पाने देता देता तयार झालेला मेकॅनिक या गणतीत येतच नाही. तो अडाणी नाही, फक्त बिनकागदाचा आहे. आणि जर्मनीचे म्हणाल, तर १९६९ च्या कायद्याने बांधलेली त्यांची पद्धत अशी आहे: मुलाचा करार थेट कंपनीशी होतो, कंपनी त्याला दरमहा विद्यावेतन देते, आठवड्यातला एखाद-दोन दिवस तो व्यवसाय शाळेत जातो, असे तीन-साडेतीन वर्षे चालते, आणि शेवटी परीक्षा घेते ती कंपनी नव्हे, चेंबर, म्हणजे उद्योग-व्यवसायांचे मंडळ. पुढे तो ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, झाला, की त्यांच्या पात्रता आराखड्यात त्याची पायरी पदवीधराच्या बरोबरीची, सहावी, धरली जाते. जर्मनीतही सगळे आलबेल नाही. बहुतेक राज्यांत दहा वर्षांच्या मुलाला कुठल्या शाळेत घालायचे ते ठरते आणि गरिबांची, परदेशातून आलेल्यांची मुले खालच्या वाटेला लागतात, ही टीका तिथलेच लोक करतात. ते आपण उचलायचे कारण नाही. उचलायची ती कंपनीच्या खिशातून होणाऱ्या खर्चाची सवय.

ती आपल्या उद्योगांनी कितपत लावून घेतली आहे? आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा, म्हणजे जर्मनीच्या त्या कायद्याहूनही आठ वर्षांनी थोरला. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले, तीस आणि त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक केले. कागद चोख आहे. मी ज्या पहिल्या कंपनीत अप्रेंटिस होतो, तिथे मला वर्षातले चार महिने स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवले होते आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी शॉपफ्लोअर झाडायला. लॉगबुकावर मात्र ‘मिलिंग’ लिहिलेले. सही करणारे साहेब म्हणाले, ‘अरे, सगळे असेच शिकतात.’ नंतरच्या पिढीच्या वाट्याला याहून वाईट आले. २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आली आणि औद्योगिक पट्ट्यांत ‘नीम ट्रेनी’ हा नवा प्राणी जन्माला आला. काम कामगाराचे, नाव प्रशिक्षणार्थीचे. कामगार नसल्यामुळे फंड नाही, कायमपण नाही, मुदत संपली की दुसरी तुकडी. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारने सहा महिने सहा ते दहा हजार रुपये दिले. मुदत संपल्यावर पोरे रस्त्यावर उतरली, ‘आता पुढे काय’ विचारत. सहा महिने एखाद्या कार्यालयात झेरॉक्स काढून आलेल्या मुलाला कोणती विद्या मिळाली, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

म्हणून ‘वेल्डर मिळत नाही’ असे कुणी म्हणाले, की मी आता वाक्य पुरे करायला सांगतो: किती पगारात मिळत नाही? कायम म्हणून मिळत नाही, की ठेकेदाराच्या मस्टरवर मिळत नाही? आर्गन वेल्डिंग करणारा चांगला हात आखातात जातो, त्याला आपल्या मातीचे प्रेम कमी आहे म्हणून जातो का? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १० हजार जणांच्या बातम्या झळकल्या. चांगलेच आहे, जाऊ देत. पण आपल्याच पोरांची किंमत आपल्याला स्टुटगार्टने सांगावी लागते, यात थोडी तरी लाज वाटायला हवी. त्याच वर्षी राज्यातल्या आयटीआयना थोरामोठ्यांची नावे द्यायचा कार्यक्रम निघाला. नावाला माझा विरोध नाही. फाटकावर नाव आणि आत निदेशकाची जागा रिकामी, असे जिथे असेल तिथे आधी जागा भरा, एवढेच.

शाळेतून पार बाहेर फेकल्या गेलेल्यांचे काय, असे कुणी विचारील. दहावीसुद्धा न झालेले, आठवीत गळलेले. त्यांच्यासाठी काही घडू शकते का? शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन यावे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट करून आलेले, मोठ्या कंपनीत संशोधनाच्या वरच्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ. ते सगळे सोडून १९८३ मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेत नापास ठरलेली मुले वर्षभर राहतात. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया, सगळ्यातले मूलभूत शिकतात, आणि जे करतील त्याचा खर्च-जमेचा हिशेब स्वतः लिहितात. तेच शिक्षण ‘मूलभूत तंत्रज्ञान’ म्हणून पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरच्या पहिल्यावहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकी यंत्रांनी वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी, एक इथे उभी केली, तीही याच मुलांच्या हाती. कलबागांचे म्हणणे साधे होते, मूल हाताने करता करता नैसर्गिकपणे शिकते, शाळेने ती वाटच बंद केली. पण मला पाबळचे विशेष वाटते ते वेगळ्याच कारणाने. तिथे मुलाला एका धंद्याला जुंपत नाहीत, चार धंद्यांची तोंडओळख करून देतात. म्हणजे वळण घ्यायची जी मुभा आपण फक्त पदवीवाल्याची समजतो, ती आठवी नापासालाही देता येते.

मुलींबद्दल थोडक्यात. राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि तरी मुलगी म्हटली की शिवण नाहीतर ब्युटी पार्लर हेच आधी सुचवले जाते. राजाजींनी जे जातीवरून ठरवले असते, ते आपण इथे बाईपणावरून ठरवतो आणि कुणी त्याला कुलकल्वी म्हणत नाही.

आता जिना. गंमत म्हणजे तो कागदावर आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तिथून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. भाषेचे विषय देऊन आयटीआयला बारावीची समकक्षताही मिळवता येते. वायरमनला परवाना मिळतो, पुढे पर्यवेक्षकाचा, मग विद्युत ठेकेदाराचा, आणि या वाटेने गेलेले, आज पाच-दहा माणसांना पगार देणारे कितीतरी जण जिल्ह्याच्या गावांत आहेत. यशस्वी म्हणावे अशी ही माणसे फॉरवर्डमध्ये कधी येत नाहीत, कारण ती करोडपती नाहीत, त्यांचे घर आहे, बोअर आहे, मुलगी फार्मसीला आहे, एवढेच. पण हा जिना चढायला वेळ लागतो आणि वेळ कारखान्याच्या घड्याळात असतो. पॉलिटेक्निकचे वर्ग दिवसा, कंपनीच्या पाळ्या आठवड्याला बदलत्या. काम करणाऱ्याने शिकावे असे खरेच कुणाला वाटत असेल, तर संध्याकाळचे वर्ग वाढवावेत आणि शिकणाऱ्या कामगाराला ठरलेली पाळी मिळण्याचा हक्क अप्रेंटिस कायद्यात घालावा. उद्योगांच्या संघटना सवलती मागतात तेव्हा त्या बदल्यात एवढे मागायला काय हरकत आहे?

आमच्या टूलरूमला मशिनिस्ट झालेला एक मुलगा आहे, ठेकेदाराच्या मस्टरवर. यंदा त्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली. ठेकेदार म्हणाला, कायम तिसरी पाळी घेत असशील तर बघ, रजा मागायची नाही. त्याने घेतली. रात्री अकरा ते सकाळी सात, मग कॉलेज. परवा चहाच्या सुट्टीत त्याने वही काढली आणि साइन ए अधिक बी कसे सोडवायचे ते मला विचारले. साइन बारपर्यंत माझी गाडी ठीक चालते, त्याच्या पुढचे मला येत नाही. प्राध्यापकांचा नंबर दिला आहे. रविवारी अकरा वाजता ये म्हणाले आहेत त्याला.